पिस्ता रंगाचे फेटे

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी जर्मनीला जाऊन आलो. बेळगावातल्या आमच्या वडगावात ही गोष्ट अजून सांगितली जाते. सांगणारे आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील. त्यामुळे दरवेळी जर्मनीतले माझे दिवस वाढतात आणि माझा मानही वाढतो. मी तिथे नेमकं काय केलं, हे ते सांगत नाहीत. मीही सांगत नव्हतो. परवा कॉलेजच्या सरांचा फोन आला नसता तर कदाचित कधीच सांगितलं नसतं.

आमचं घर विणकराचं. मागच्या शेडमध्ये पॉवरलूम चालतात, साड्या निघतात, आणि घरातली माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलतात, कारण त्या खडखडाटात दुसरं काही ऐकूच येत नाही. ताण्याचा, म्हणजे उभा, एखादा धागा तुटला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, की साडीत लांबच लांब रेघ उमटते. मग दुकानदार ती साडी नाक मुरडून बाजूला टाकतो. हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. म्हणून कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी एक सेन्सर केला. धागा तुटला की माग आपोआप थांबवणारी काडेपेटीएवढी डबी. पिरनवाडीचा एक मित्र प्रोजेक्टमध्ये माझा जोडीदार होता. त्याने रिपोर्ट टाइप केला, आणि फार सुबक टाइप केला.

त्याच वर्षी कॉलेजने विद्यार्थ्यांना जर्मनी दाखवायचं ठरवलं. तिथली मागाची यंत्रं बनवणारी एक कंपनी आम्हाला एक दुपार देणार होती. शिवाय आमच्यातल्या एका विद्यार्थ्याला सहा महिने शिकाऊ म्हणून ठेवून घेणार होती. ट्रेनिंगचं बघणाऱ्या बाई प्रत्येकाशी थोडा वेळ बोलणार आणि त्यावरून निवड करणार. जाणाऱ्यांत माझं नाव लागलं तेव्हा मला वाटलं, हे सेन्सरमुळेच. मी टिळकवाडीत जर्मनचा क्लास लावला. माझं नाव अमुक, मी विणकराच्या घरातला, मी एक यंत्र बनवलं आहे, ही तीन वाक्यं मी आंघोळ करतानासुद्धा म्हणायचो. शेडमध्ये येईल त्याला आप्पा सांगायचे, पोरगं मागाच्या माहेरी चाललंय.

ती एक जागा मला हवी होती. तेवढी कुठलीच गोष्ट मला त्यानंतर हवीशी झालेली नाही, हे आजही सरळ सांगतो.

आता फेट्याकडे येतो. आमच्या भागात सत्काराशिवाय कुठलाही कार्यक्रम पुरा होत नाही. नळाला पाणी आलं तरी नळ सोडणाऱ्याचा सत्कार होतो. आणि सत्कार म्हटला की फेटा आला. मी फेटा चांगला बांधतो. साडी विणणाऱ्याच्या घरात लांब कापडाची भीती कुणाला नसते. लग्नात, शिवजयंतीच्या मिरवणुकीत, गल्लीतल्या गणपतीत मी पोरांचे फेटे बांधत आलोय. कॉलेजच्या गॅदरिंगलाही बांधले होते. ते आमच्या सरांनी बघून ठेवलं होतं.

सर निपाणीचे. सहलीचे प्रमुख तेच. बरोबर धारवाडच्या एक मॅडम होत्या. दोघंही विद्वान. सरांना कन्नड येत होतं आणि मॅडमना मराठी येत होती, पण मीटिंगमध्ये दोघंही इंग्रजीतच बोलायचे, म्हणजे कुणाचीच माघार व्हायला नको. कंपनीच्या मेलमध्ये लिहिलं होतं, सकाळी सांस्कृतिक कार्यक्रम, दुपारी कंपनी भेट. त्याचा सरळ अर्थ असा होता की सकाळी ते आम्हाला त्यांचं गाव दाखवणार. आमच्या लोकांनी मात्र सांस्कृतिक कार्यक्रम हे शब्द वाचले आणि स्वागताध्यक्ष कोण, यावर चर्चा सुरू केली. कार्यक्रम आपल्याला करायचा नसून बघायचा आहे, अशी शंकासुद्धा कुणाला आली नाही. आमच्याकडे प्रेक्षक म्हणून कुणी जातच नाही.

संस्कृती म्हणून डोक्यावर काय घालायचं, यावर बेळगावातच जुंपली. सरांचं म्हणणं, कोल्हापुरी फेटा. मॅडमचं म्हणणं, कॉलेज कर्नाटकातलं आहे, म्हैसुरी पेटाच शोभेल. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं आणि ते दोघंही आपापल्या जागेवरून हलायला तयार नव्हते. शेवटी दोन्ही न्यायचं ठरलं. मग रंग निघाला. भगवा न्यावा तर एका बाजूला राजकारण, कन्नड झेंड्याचा लाल-पिवळा न्यावा तर दुसऱ्या बाजूला राजकारण. बऱ्याच मीटिंगांनंतर पिस्ता रंग निघाला, कारण पिस्ता रंगाचा झेंडा अजून कुणी काढलेला नाही. फेट्यांचं कापड आप्पांनी आमच्याच मागावर विणून दिलं. त्यांनी ते इतकं मन लावून विणलं की एरवी साडीलाही त्यांनी तेवढा वेळ दिला नसता.

म्हैसुरी पेटा तयार मिळतो. टोपीसारखा उचलायचा आणि डोक्यावर ठेवायचा. कोल्हापुरी फेटा बांधावा लागतो. बांधायला माणूस लागतो. तो माणूस मी, हे मला विमानात कळलं. सरांनी मागे वळून सांगितलं, फेट्यांची जबाबदारी तुझी. मी म्हटलं, बरं सर. तेव्हा माझ्या खिशात सेन्सरची डबी होती, आणि फेटा बांधायला असा कितीसा वेळ लागतो, असं मला वाटलं.

त्या दिवसाची सकाळ छान गेली. कंपनीने पाठवलेल्या एका मुलीने आम्हाला जुनं चर्च दाखवलं, नदीवरचा पूल दाखवला, किल्ला दाखवला. प्रत्येक ठिकाणी सर म्हणाले, आपल्याकडं हे समदं हाय, फक्त मेंटेनन्स न्हाय. नंतर एक छोटं म्युझियम दाखवलं. तिथे काचेमागे एक लाकडी हातमाग होता आणि एक आजोबा त्यावर धोटा फेकून दाखवत होते. आमच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी आम्हाला उभं करून सांगितलं की संस्कृती कशी जपायची हे या लोकांकडून शिका. आमच्या आज्जाचा असाच हातमाग होता. पॉवरलूम आल्यावर त्याचं लाकूड आम्ही बंबात घातलं. चांगलं सागवान होतं, पाणी कढत निघायचं.

दुपारी कंपनीत पोचलो. काचेची इमारत, आत दवाखान्यासारखी स्वच्छता. त्यांनी अर्धा तास ओळख, मग एक तास कारखाना, मग बाईंशी बोलणं, असा वेळ आखला होता. संचालक आले, त्या ट्रेनिंगच्या बाई आल्या, आणखी चारपाच माणसं आली. हातात फक्त कॉफीचे कप. सकाळी राहून गेलेला आपला कार्यक्रम इथेच करायचा म्हणून सरांनी भिंतीवर बॅनर लावायला घेतला तेव्हा ती माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

पहिलं दीपप्रज्वलन. खरी वात पेटवली तर छतावरून पाणी पडतं असं कुणीतरी आधीच सांगितलं होतं, म्हणून सरांनी बॅटरीवरची समई आणली होती. संचालकांना तिचं बटण दाबायला सांगितलं. त्यांनी दाबलं, दिवा लागला, आम्ही टाळ्या वाजवल्या. आपण नेमकं काय केलं हे त्या माणसाला शेवटपर्यंत कळलं नसावं. मग स्वागतगीत, मग प्रास्ताविक. प्रास्ताविकात सर बेळगावच्या हवेपासून निघाले ते कुंद्याच्या चवीवरून निपाणीच्या तंबाखूपर्यंत पोचले. मग मॅडमनी संचालकांना म्हैसुरी पेटा घातला. तो एका क्षणात बसला. फोटो निघाला. मॅडमच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं आणि सरांच्या चेहऱ्यावर ते दिसलं नाही.

सरांनी मला खूण केली. मी बाईंना फेटा बांधायला घेतला. बांधून झाल्यावर सरांच्या लक्षात आलं की संचालक मोठे, त्यांना कोल्हापुरी फेटा नाही म्हणजे कसं दिसेल? मग त्यांचा पेटा उतरवून त्यांना फेटा बांधला. त्यांना टक्कल होतं आणि आप्पांनी हौसेने घातलेलं सूत गुळगुळीत होतं. फेटा दोनदा कानावर आला. त्यांना बांधल्यावर बाकीच्यांना का नाही? ह्याला फेटा आणि त्याला नाही, असं आमच्याकडे चालत नाही, त्यावरून भाऊबंदकी होते. सगळ्यांना बांधले. मग सरांनी मॅडमचा सत्कार केला आणि मॅडमनी सरांचा. दोघं एकाच गाडीतून आले होते. मग विद्यार्थ्यांचा ग्रुप फोटो, म्हणून विद्यार्थ्यांना फेटे. मी बांधत होतो. घड्याळाकडे कंपनीची माणसं बघत होती. ती चोरून बघत होती, एवढी सभ्यता त्यांच्यात होती.

सगळे कारखान्याच्या दाराशी गेले तेव्हा तिथल्या सुरक्षेच्या माणसाने हात आडवा केला. फिरत्या यंत्राजवळ सैल कापड चालणार नाही. हे आमच्या शेडमधल्या लहान पोरालाही माहीत असतं, माग चालू असताना आई पदर खोचून मगच आत येते. पण आम्ही इंजिनीअर होतो. फेटे काढावे लागले. सरांनी बजावलं, मोडू नका, तसेच अलगद उतरवा, परत आल्यावर बाहेर आणखी फोटो घ्यायचे आहेत. मग ते सांभाळायला कुणीतरी बसायला हवं.

सर माझ्याकडे वळले. आवाजात माया होती, म्हणूनच ते मला आजही विसरता येत नाही.

"तू बस रं हितं. तुझ्या घरातच माग हाईत की. तुला काय बघायचंय?"

मी म्हटलं, "सर, ह्यो माग मी बघितलेला न्हाय."

"माग तो मागच," सर म्हणाले. सगळे आत गेले.

मी रिसेप्शनमध्ये बसलो. समोरच्या खुर्च्यांवर पिस्ता रंगाचे फेटे ओळीने ठेवले होते, गावची पंच कमिटी बसल्यासारखे. काचेतून आतलं थोडं दिसत होतं. पिरनवाडीचा मित्र एका मागाजवळ उभा राहून मान हलवत होता. त्या मागावर आत काय चाललं होतं, धागा तुटल्याचं मागाला कसं कळत होतं, त्यांनी सेन्सर कुठे बसवला होता, हे बघायला मी वडगावातून निघालो होतो. रिसेप्शनवरच्या मुलीने मला पाणी आणून दिलं. मी खिशातली डबी काढली, परत ठेवली. राग इतका आला होता की एक फेटा उचलून खिडकीबाहेर टाकावा असं वाटलं, पण तो आप्पांनी विणलेला होता.

मंडळी बाहेर आली. बाई एका खोलीत बसल्या आणि एकेकाला आत बोलावू लागल्या. माझं आडनाव अक्षरांच्या हिशेबाने शेवटी येतं. पिरनवाडीचा मित्र आत जाण्याआधी मला बाजूला घेऊन घाईने विचारून गेला, ताण्याचा धागा तुटतो तो नेमका कुठं रं? मी सांगितलं. मित्रच तो, कसा नाही सांगणार?

माझ्या आधीचा मुलगा बाहेर आला आणि त्याच वेळी सरांना कळलं की संचालकांना पुढची गाडी पकडायची आहे आणि बाहेरचा फोटो अजून राहिला आहे. उजेडही उतरत होता. सरांनी बाईंना विनंती केली, आधी फोटो, मग राहिलेलं बोलणं. बाई उठून बाहेर आल्या. पहिल्यापेक्षा सैल झालेले फेटे पुन्हा बांधायचे होते. ते कुणी बांधायचे?

बाईंचा फेटा मी शेवटी घेतला. मुद्दामच. त्यांना खुर्चीवर बसवलं आणि पहिला वेढा देता देता मी तीन वाक्यं म्हणायला सुरुवात केली. माझं नाव. मी विणकराच्या घरातला. तिसऱ्या वाक्यापर्यंत आलो तोच समोरून फोटोवाला मुलगा ओरडला, मान सरळ. बाईंनी मान सरळ केली. समोर बघतच त्यांनी इंग्रजीत विचारलं, हे तुम्ही कधीपासून करता? त्यांना फेट्याबद्दल विचारायचं होतं. मी म्हटलं, लहानपणापासून. त्यांनी विचारलं, तुम्ही प्रत्येक ग्रुपबरोबर प्रवास करता का?

मी काही बोलायच्या आत सर पुढे झाले. मोठ्या अभिमानाने म्हणाले, "ही इज अवर फेटा स्पेशालिस्ट."

मी म्हटलं, मी विद्यार्थी आहे. माझे हात कापडात अडकलेले होते, मागे सोडायचा शेमला काढायचा होता. बाई हसल्या. मी थट्टा करतोय असं त्यांना वाटलं असावं. मग फोटो झाला, संचालक गेले. आमच्या बसचा ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला. त्याची ड्युटी संपत होती, आणि तिकडे संपली म्हणजे संपली. आमच्या एसटीच्या ड्रायव्हरसारखा तो चहा पिऊन थांबणारा नव्हता. राहिलेलं बोलणं मेलवर करू, असं बाई म्हणाल्या आणि सर्वांशी हात मिळवून आत गेल्या. फेटा त्यांच्या डोक्यावरच होता. चांगला बसला होता.

मी मेल केला. सेन्सरचा फोटो जोडला. उत्तर आठवड्याभरात आलं, सभ्य होतं. निवड त्या दिवशीच्या बोलण्यावरून झाली आहे आणि फेट्याबद्दल पुन्हा एकदा मनापासून आभार, असं त्यात होतं. जागा पिरनवाडीच्या मित्राला मिळाली. तो आता तिकडेच आहे. हुशार आहे, मला त्याच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. दिवाळीला येतो तेव्हा चॉकलेट आणतो आणि आमच्या शेडमध्ये उभा राहून आप्पांना मागातलं काहीबाही समजावून सांगतो. आप्पा ऐकून घेतात.

परत आल्यावर जर्मनी जिंकून आल्याबद्दल कॉलेजने आमचा सत्कार केला. फेटे मीच बांधले. दुसऱ्या दिवशी पेपरात जर्मनीतला फोटो आला. आप्पांनी तो कापून, फ्रेम करून शेडमध्ये लावला. पाहुणे आले की ते दाखवायचे. एकदा एका पाहुण्याने विचारलं, तुमचा मुलगा कुठला ह्यात? आप्पा चष्मा लावून जवळ गेले. बराच वेळ शोधलं. मला हाक मारली. मी बोट ठेवलं. बाईंच्या फेट्याचा शेमला नीट करणारे दोन हात कडेला दिसत होते, मनगटापर्यंत. आप्पांनी चष्मा काढून पुसला. मग पाहुण्याकडे वळून म्हणाले, "कापड आमचं हाय." त्या दिवसापासून ते जर्मनीची गोष्ट सांगतात, पण फोटो दाखवत नाहीत.

मी आता उद्यमबागेत एका कारखान्यात नोकरी करतो. सेन्सर घरच्या एका मागावर बसवला आहे. धागा तुटला की माग थांबतो, नाही तुटला तरी कधीकधी थांबतो, म्हणून आप्पांनी त्याची वायर काढून ठेवली आहे. तिकडच्या यंत्रात हे कसं जमवलंय ते बघता आलं असतं तर मलाही जमलं असतं, असं मला वाटतं. खरं खोटं आता कोण सांगणार?

तर परवा सरांचा फोन. सर आता बरेच वरच्या पदावर आहेत. या वर्षी पोरांना जपानला न्यायचं ठरलंय. पुन्हा सकाळी संस्कृती, दुपारी कंपनी. तुझ्यासारखा हात दुसऱ्या कुणाला नाही म्हणाले, एखाद्या चुणचुणीत पोराला चार दिवस येऊन शिकव. एक पोरगा हेरून ठेवलाय, कंग्राळीचा आहे, फार हुशार, रोबोटचं काहीतरी बनवलंय त्यानं.

मी विचारलं, त्या पोराला जपानला कशासाठी जायचंय हे विचारलंय का? सर म्हणाले, जायला मिळतंय हेच लई झालं की त्याला.

मी शेडच्या दाराशी उभा होतो. आत माग चालू होते, म्हणून ओरडून बोलावं लागलं.

"सर," मी म्हटलं, "म्हैसुरी पेटा न्या."

"काय?"

"म्हैसुरी पेटा. त्यो बांधावा लागत न्हाय."

इतकी वर्षं निपाणीच्या माणसाने मराठी फेट्यासाठी मीटिंगा गाजवल्या, आणि वडगावचा पोरगा हे बोलला. सर एवढंच म्हणाले, "तू असं बोलशील असं वाटलं नव्हतं रं." मी म्हटलं, व्हय सर, मलाबी वाटलं नव्हतं. फोन ठेवला आणि त्या कंग्राळीच्या पोराचा नंबर कुणाकडे मिळेल, ते शोधायला लागलो.